आवाज न ऐकता पाहिलेला पुरावा

ती घटना आठवायला मला कधी प्रयत्न करावा लागला नाही. विसरायचा मात्र केला, बरीच वर्षे केला, जमले नाही. खात्यातून निवृत्त झालेली माणसे आठवणी लिहितात, तेव्हा बहुधा आपण उघडकीस आणलेले गुन्हे लिहितात. मीही पुष्कळ उघडकीस आणले. हा त्यातला नाही. एका तरुण डॉक्टर मुलीला मी आरोपी केले, माझ्या सहीच्या कागदावर तिची डॉक्टरकीची नोंदणी निलंबित झाली, आणि तिने काही केलेले नाही हे सांगणारा पुरावा त्या वेळी माझ्याच ठाण्यात, माझ्याच टेबलावर होता. नावे कोणाचीही देत नाही. ठाणे वर्धा जिल्ह्यातले होते, एवढे पुरे.

फिर्याद घेऊन आल्या त्या कारंजा घाडगेकडच्या एक बाई. सोबत नवरा. पोटाला हात लावून त्या ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तर बसेनात.

"बसा, बाई."

"बसता येत नाई, साहेब. उभ्यानंच सांगतो. माह्या पोटातली पित्ताची थैली काढली म्हणून कम्प्युटरात लिवून हाय."

"बरं. मग?"

"मंग काय मंग! नागपूरच्या डॉक्टरनं मशीन लावून पाह्यलं. थैली पोटातच हाय, खड्यानं भरली हाय. माही माह्या पोटात हाय, तं यायनं काढली कोनाची?"

ठाणे अंमलदार हसला. मीही हसलो असेन. नवरा मात्र भडकला. "हसू नका जी. नागपूरले म्हणतात, एकदा काढल्याची मंजुरी झाली, आता दुसऱ्यांदा मंजूर होत नाई. एका मानसाले दोन थैल्या रायते का? हे मरून राह्यली अन तुमी हसून राह्यले."

प्रकार असा होता. आदल्या वर्षी पोट दुखते म्हणून या बाई आमच्या गावातल्या एका खासगी रुग्णालयात भरती झाल्या. तिथे सलाईन लावले, अंगठा घेतला, फोटो काढला आणि दोन दिवसांनी घरी पाठवले. पोटाला कोणी सुरीही लावली नव्हती. पण सरकारी आरोग्य योजनेच्या संगणकात त्यांच्या नावावर पित्ताशयाची शस्त्रक्रिया नोंदवली गेली होती. या योजनेत प्रत्येक आजाराला आणि शस्त्रक्रियेला एक सांकेतिक क्रमांक असतो, डॉक्टर लोक त्याला कोड म्हणतात. तो कोड टाकला, कागद जोडले, की रुग्णालयाला योजनेतून पैसे मिळतात. पैसे रुग्णालयाला मिळाले होते. आता या बाईला खरोखर शस्त्रक्रिया हवी होती आणि संगणक म्हणत होता, झाली आहे.

नागपूरच्या डॉक्टरांचा तपासणी अहवाल सोबत होता. मी गुन्हा दाखल केला. फसवणूक, बनावट दस्तऐवज. बाईंच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्या ठाण्यातून पत्र गेले आणि पुढे ती झाली. या सगळ्या प्रकरणात मी धड केलेले काम तेवढेच.

पहिली चूक मी त्याच दिवशी केली. रुग्णालयाचे मालक स्वतः सर्जन होते. गावात त्यांना 'मोठे डॉक्टर' म्हणत, इथेही तसेच म्हणतो. ठाण्यातल्या निम्म्या लोकांचे बीपी तेच तपासत, अपघाताची केस पहिली त्यांच्याकडेच जाई, आणि गणपतीच्या बंदोबस्तात आमच्या लोकांना चहा-नाश्ता त्यांच्याकडून येई. अशा माणसाच्या दारात गाडी थेट कशी उभी करायची? मी आधी फोन केला. "डॉक्टरसाहेब, पंचनाम्याला येतोय. काही नाही, औपचारिकता आहे." पंच घेऊन पोचलो तेव्हा काउंटर पुसून लख्ख केलेला होता. त्या लखलखाटाचा अर्थ मला नंतर कळला.

शस्त्रक्रियेची नोंद एका निवासी डॉक्टर मुलीच्या लॉगिनवरून झाली होती. सेलू तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी. वडील रोजमजुरी करत करत शाळेत शिपाई झालेले. त्यांच्या वस्तीतून डॉक्टर झालेली ती पहिली. आंबेडकर जयंतीला गावाने तिचा सत्कार केला होता. हे वडिलांनीच मला ठाण्याच्या व्हरांड्यात सांगितले, दोन्ही हात जोडून. "साहेब, माह्या पोरीले डॉक्टरकीशिवाय दुसरं काई येत नाई जी. थे गेली तं तिचं सगळंच गेलं." मी म्हणालो, "चौकशी आहे फक्त, घाबरू नका." हे वाक्य पोलीस कधी म्हणतात, ते पोलिसाला विचारा.

त्याच संध्याकाळी महिला अंमलदाराला शेजारी बसवून मी तिचा जबाब घेतला. जबाब घेताना माझी एक पद्धत होती. प्रश्न विचारायच्या आधी समोर बसून बराच वेळ काहीतरी लिहीत राहायचे, वर बघायचे नाही. सराईत माणूस त्या वेळात जांभई देतो. साधा माणूस घामाघूम होतो आणि आपणच बोलायला लागतो. ती घामाघूम झाली. याचा अर्थ काय निघतो हे तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला कळायला हवे होते.

"लॉगिन माझं आहे, सर. पण पासवर्ड काउंटरवर काचेखाली चिकटवलेले असतात. सगळ्या डॉक्टरांचे. कोणीही टाकतं."

"आम्ही काच पाहिली. काचेखाली काही नाही."

"काल होते, सर."

"काल आम्ही नव्हतो. पुढे बोला."

"ज्या दुपारी ती नोंद झाली, त्या दुपारी मी प्रशिक्षणात होते. वर, निवासी डॉक्टरांच्या खोलीत. मोबाईलवर. कॅमेरा चालू ठेवावा लागतो, सगळं रेकॉर्ड होतं. त्यात मी प्रश्नही विचारला आहे, सर, तुम्ही ते..."

"इथे प्रश्न मी विचारतो," मी म्हणालो.

महिला अंमलदार हसली. मला बरे वाटले. आज ते वाक्य आठवले की तोंडात माती आल्यासारखे होते.

आता या प्रशिक्षणाबद्दल. योजनेतल्या रुग्णालयांच्या डॉक्टरांनी कोड कसे लावायचे, रुग्णाचे कागद कसे ठेवायचे, याचे शिक्षण घेतलेच पाहिजे, असा नियम आला होता. बाहेरगावची एक संस्था ते ऑनलाइन देत असे. दर आठवड्याला एक दुपार, घरबसल्या किंवा रुग्णालयात बसून. हजेरीसाठी चेहरा दिसणे सक्तीचे. शेवटी प्रमाणपत्र. मी संस्थेला पत्र दिले आणि त्या दुपारचे चित्रीकरण पेन ड्राइव्हवर मागवून घेतले.

आमच्या ठाण्याच्या संगणकाला स्पीकर नव्हता. कधी गरजच पडली नव्हती. आम्ही चार जणांनी ते तसेच पाहिले, मुके. पडद्यावर चौकोनच चौकोन, प्रत्येकात एक डॉक्टर, खाली नाव. मोठ्या डॉक्टरांच्या नावाच्या चौकोनात एक मिशीवाला माणूस पांढरा एप्रन घालून, गळ्यात स्टेथोस्कोप टाकून, खुर्चीत मान टाकून झोपलेला. माझा रायटर, म्हणजे ठाण्यात जबाब लिहून घेणारा हवालदार, एकदम ओरडला, "साहेब, हा तं त्यायचा ड्रायव्हर होय!"

सगळे ठाणे गोळा झाले. मागे-पुढे करून ते झोपणे आम्ही किती वेळा पाहिले, सांगता येत नाही. ड्रायव्हरला बोलावले. तोही बिचारा मोकळेपणाने बोलला.

"मले म्हणे, एप्रन घाल अन बस. मी बसलो."

"स्टेथोस्कोप कशाले घातला बे?"

"शोभते म्हणून, साहेब."

"अन झोपला काऊन?"

"थे बाई इंग्रजीत बोलून राह्यली होती जी. मले तं दवाखान्याचं मराठीही समजत नाई."

हसण्याच्या भरात मी त्याच पडद्यावरचा दुसरा चौकोन पाहिला. त्यात ती मुलगी होती. समोर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मी केस डायरीत लिहिले: 'आरोपी प्रशिक्षणादरम्यान खोलीतील अन्य व्यक्तीशी बोलत असल्याचे दिसते.' म्हणजे नोंद तिनेच कोणाला तरी सांगून करवून घेतली, असा अर्थ मी लावला. खोलीत दुसरी व्यक्ती होती का, हे मी पाहिले नाही. आवाज मागवला नाही. स्पीकर बाजारात मिळत होता. कोणालाही पाठवता आले असते.

ड्रायव्हर सापडल्यावर मोठे डॉक्टर अडकतील असे कोणालाही वाटेल. मलाही क्षणभर वाटले. मी त्यांना बोलावले. ते आले, बसले, आणि अजिबात घाबरले नाहीत.

"चूक झाली, साहेब," ते म्हणाले. "मी प्रशिक्षणाला बसलो नाही. ओपीडी सोडून दुपारभर कोण बसणार? माझ्याकडच्या इतर सिनियर लोकांनीही असंच कोणाला तरी बसवलं. माफीपत्र देतो संस्थेला. पण मला एक सांगा. जो शिकलाच नाही, तो कोड टाकेल कसा? माझ्या रुग्णालयात ते सगळं नीट बसून शिकलेली एकच व्यक्ती आहे. लॉगिनही तिचंच आहे. आता तुम्हीच ठरवा."

मी ठरवले. मला तो मुद्दा इतका आवडला की संध्याकाळी वरिष्ठांना फोनवर तो मी माझाच असल्यासारखा सांगितला. वरिष्ठ म्हणाले, "व्वा. तपास असा पाहिजे." दोषारोपपत्रात तो माझ्या भाषेत गेला: संबंधित रुग्णालयात कोड लावण्याचे ज्ञान फक्त आरोपीकडे होते. एकटीने प्रामाणिकपणे हजेरी लावली, म्हणून ती एकटी गुन्हेगार ठरली. ज्यांनी ड्रायव्हर बसवला ते अडाणी ठरले, आणि अडाणी माणसाला कोण पकडतो? मी हे लिहिले, सही केली आणि दोषारोपपत्र न्यायालयात पाठवले. वैद्यक परिषदेने तिची नोंदणी निलंबित केली. रुग्णालयाने तिला काढले. निकाल लागेपर्यंत ती नोंदणी परत मिळणार नव्हती. आम्ही ठाण्यात जिलेबी खाल्ली. मोठ्या डॉक्टरांनीच पाठवली होती.

दोषारोपपत्र गेल्यावर तिच्या वकिलांनी चित्रीकरणाची प्रत मागितली. प्रत काढून, ती चालते का याची खात्री करून द्यायची असते. म्हणून मी वर्ध्याला पोलिसांच्या सायबर शाखेच्या खोलीत गेलो. तिथल्या संगणकाला स्पीकर होता. तिथल्या अंमलदाराने मूळ चित्रीकरण लावले आणि मी पहिल्यांदा त्या दुपारचा आवाज ऐकला.

शिकवणाऱ्या डॉक्टरबाई सांगत होत्या. ड्रायव्हर म्हणाला तसे सगळे इंग्रजी नव्हते, निम्मे मराठीच होते. त्या म्हणाल्या, "कोड शोधायचं टेन्शन घेऊ नका. शस्त्रक्रियेच्या नावाची चार अक्षरं टाकली की संगणक स्वतः कोड सुचवतो, ते कोणीही करेल. तुम्हाला शिकायचं आहे ते, कोड कधी टाकायचा नाही."

माझे अख्खे दोषारोपपत्र तिथेच कोसळले. कोड टाकायला ज्ञान लागतच नव्हते. ज्ञान लागत होते ते न टाकायला.

मग त्या मुलीने हात वर केला. तिचे ओठ हलू लागले, जे मी मुके पाहिले होते. ती विचारत होती, "मॅडम, न केलेली शस्त्रक्रिया लिहा असं वरिष्ठांनी सांगितलं, तर आम्ही काय करायचं?"

मग बाई म्हणाल्या, "हा आजच्या सत्राचा विषय नाही. नेक्स्ट."

ती खोलीतल्या कोणाशी बोलत नव्हती. अख्ख्या राज्यातून जमलेल्या डॉक्टरांसमोर, स्वतःच्या नावानिशी, स्वतःच्या रुग्णालयाचे पाप सांगत होती. आणि पडद्यावरच्या घड्याळात जी वेळ होती, योजनेच्या नोंदीप्रमाणे त्याच वेळी खाली काउंटरवरच्या संगणकावरून कारंज्याच्या त्या बाईची पित्ताची पिशवी कागदोपत्री काढली जात होती, तिच्या लॉगिनवरून. ती कधी वर अडकलेली असते हे मालकाला पक्के ठाऊक होते, वेळापत्रक रुग्णालयाच्या भिंतीवर लावलेले होते. सायबरचा अंमलदार माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "बंद कर."

मी वरिष्ठांकडे गेलो. चुकीचा तपास दुरुस्त करायला कायद्यात सोय असते, पुढील तपास करून पुरवणी दोषारोपपत्र पाठवता येते. वरिष्ठ म्हणाले, "निवृत्ती कधी आहे तुमची?" मी सांगितले. ते म्हणाले, "मग आता स्वतःचीच चौकशी लावून घ्यायची आहे का? प्रत दिली ना तिच्या वकिलाला? तो दाखवेल कोर्टात. आपलं काम झालं."

मी गप्प बसलो. याला भीती म्हणा, पेन्शन म्हणा, काहीही म्हणा. मी स्वतःला सांगितले की वकील बघतील. वकिलांनी पाहिले नाही. मला पुढे कळले की त्यांनी ती प्रत उघडलीच नव्हती. तेवढ्यात माझा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणे. 'निष्कलंक सेवा' असे एक जण म्हणाला. मोठे डॉक्टर पहिल्या रांगेत होते. मी त्यांच्या हातून पुष्पगुच्छ घेतला.

खटला सुरू व्हायला वर्षे गेली. तोवर ती मुलगी सेलूला बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवत होती. ताप मोजायला कोणी आले तर परत पाठवत होती, कारण औषध लिहिले असते तर दुसरा गुन्हा झाला असता.

तपास अधिकाऱ्याला निवृत्तीनंतरही साक्षीला जावे लागते. मला समन्स आले. सरकारी वकिलांनी बाहेर मला माझेच दोषारोपपत्र वाचून दाखवले आणि म्हणाले, "हेच सांगायचं, साहेब. दहा मिनिटांचं काम आहे."

पिंजऱ्यात उभा राहिलो. शपथ झाली. समोर ती बसली होती, शेजारी वडील. वडिलांचे केस पार पांढरे झाले होते. सरकारी वकिलांनी विचारले, "ही सही तुमची?"

"माझी."

"यातला मजकूर खरा आहे?"

"नाही."

सरकारी वकिलांना वाटले मला नीट ऐकू आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले आणि न्यायाधीशांना म्हणालो, "ते चित्रीकरण इथे लावा, साहेब. आवाजासह लावा."

सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली. नोकरीत मी फितूर साक्षीदारांना मनापासून शिव्या दिल्या होत्या. आता तपास अधिकारीच फितूर. मला उलट प्रश्न विचारताना ते चिडून म्हणाले, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"दोषारोपपत्र गेल्यावर लगेच."

"मग इतकी वर्षं काय करत होता?"

"पेन्शन घेत होतो," मी म्हणालो. न्यायाधीशांनी ते जसेच्या तसे लिहून घेतले.

चित्रीकरण लावले. न्यायालयात तिचा प्रश्न ऐकू आला, आणि त्यानंतरचे उत्तर. ती निर्दोष सुटली.

बाहेर मी तिच्याजवळ गेलो. काय बोलणार होतो, मलाही माहीत नव्हते. तिनेच हाताने थांबवले. "सर, आभार मानू का तुमचे?"

"नको."

"मला वाटलं, त्यासाठी थांबलात." आवाज चढला नव्हता, पण माझ्या आयुष्यात कोणी माझ्यावर इतके ओरडले नव्हते. "त्या दिवशी मी सांगत होते ना तुम्हाला? तुमच्यासमोर बसून सांगत होते."

वडिलांनी तिचा हात धरला. "चाल माय. याच्याशी काय बोलतं." मला त्यांनी 'साहेब' म्हटले नाही. बरोबर केले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे शेवटी लिहायचा प्रघात आहे. गुन्हेगार पुरावा लपवतो असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. इथे काचेखालचे पासवर्ड सोडले तर कोणी काही लपवले नव्हते. ड्रायव्हर कॅमेऱ्यासमोर झोपला होता. मुलीने सर्वांदेखत विचारले होते. शिकवणाऱ्या बाईंनी ऐकले होते, शेकडो डॉक्टरांनी ऐकले होते. त्यातला एकही माणूस ठाण्यात आला नाही, कारण तो कोणाच्याही सत्राचा विषय नव्हता. मला राग येतो तो याचा. एकटी मुलगी उभी राहून खरे विचारते, आणि सगळी शिकलेली माणसे पुढच्या मुद्द्यावर जातात. मीही गेलो. मला तर त्याचा पगार मिळत होता.

निकालात पुढील तपासाचे निर्देश आहेत. मोठे डॉक्टर अजून शस्त्रक्रिया करतात. गेल्या महिन्यात मी ठाण्यात गेलो. नवे ठाणे अंमलदार मला ओळखत होते, उठून उभे राहिले. निर्देशाचे काय झाले, विचारले. म्हणाले, "सर, वरून काही आलं नाही अजून." मी म्हणालो, "मग खालून घ्या. तक्रार लिहा." आणि तक्रारदारांच्या बाकावर जाऊन बसलो. तिथून ठाणे वेगळेच दिसते. टेबल फार उंच वाटते.

त्यांनी कागद घेतला. पहिले नाव मोठ्या डॉक्टरांचे सांगितले. त्यांनी लिहिले. दुसरे सांगितले तेव्हा पेन थांबले आणि ते माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

"सर, हे तर तुमचं..."

"हुद्दाही लिहा," मी म्हणालो. "तत्कालीन तपास अधिकारी."